सुपारीचा हत्ती

हरू गिरप राष्ट्रीय विजेता झाला
त्याच्या सोळा वर्षं आधी
मी त्याला हरवलं होतं.
वेंगुर्ल्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे,
कारण मीच सांगत आलोय.

बंदर बंद होतं. होड्या वर ओढून
झापांनी शाकारलेल्या,
आणि कस्टमच्या शेडमध्ये आम्ही,
मिठाच्या गोणीवर पट मांडून.
बर्फाच्या कारखान्याच्या मॅनेजरने टाकून दिलेला पट.
पांढऱ्यांचा एक हत्ती नव्हता,
त्या जागी सुपारी.
कुणी दार उघडलं की वारा आत यायचा
आणि हत्ती आपल्या मर्जीने चाल करायचा.

हरू बारा वर्षांचा. नेहमी सुपारीची बाजू मागायचा.
"ती खय होती ता लक्षात ठेवूचा लागता,
मगे बाकीचा आपसूक ऱ्हवता."
नाव हरू, आणि हरायचा नाही.
खलाशी पैसे लावायचे, हरूवर नव्हे,
तो किती चालींत मात देईल त्यावर.

पुढचं पेपरात आलेलं आहे.
सावंतवाडीला जिल्हा. सांगलीला राज्य.
तिथल्या थंडीत एका शर्टावर गेलेला,
चाल करून हात काखेत घालून बसायचा.
समोरच्यांना वाटलं, हा काहीतरी डावपेच.
मग बँकेची नोकरी, मुंबई, खानावळ.
मग राष्ट्रीय, शेवटची फेरी, काळी मोहरी.
रात्री डाव थांबवला. हरूने चाल पाकिटात बंद केली
आणि जाऊन झोपला.
समोरच्याची तीन माणसं पहाटेपर्यंत जागी,
पाकिटात असू शकतील अशा पाच चाली,
पाचांची उत्तरं तयार.
सकाळी पाकिटातून सहावी निघाली:
घोडा मागे, जिथून निघाला त्या घरात.
आमच्याकडे पोरालाही कळतं,
पाणी नसताना होडी रेटत नाहीत.

तार आली, हरू जिंकला.
पोस्टमास्तर नवे, घाटावरचे.
म्हणाले, हरू की जिंकला,
नक्की काय ते एक ठरवा.

काजूच्या टेम्पोतून मिरवणूक निघाली.
सोलणाऱ्या बायकांनी
चिकाने काळे पडलेले हात पदरात लपवून
दुसऱ्याच्या हाताने हार घातला.

त्यानंतर दोनदा दुसरा. एकदा सहावा.
परदेशात दोन नॉर्म झाले, तिसरा राहिला तो राहिलाच.
मग ती पोरं आली,
पाय जमिनीला न टेकणारी.
एकाने तेविसाव्या चालीला संपवला
आणि हात मिळवताना विचारलं,
काका, तुम्ही पूर्वी चांगले खेळायचात ना?
हे हरूनेच सांगितलं मला, खोकेपर्यंत हसत.

गेल्या मार्गशीर्षात तो कायमचा परतला.
संध्याकाळी येऊन माझ्या पडवीत बसतो.
मी डबा काढला. सुपारी होती,
एका बाजूने किडलेली.
त्याने ती बोटांत फिरवली,
आणि माझ्या तोंडून गेलं,
"तो डाव आठवता तुका?"

मला आठवतो.
माझा मामा चहा घेऊन आला, दार उघडलं.
हरू कप घ्यायला वळला होता.
सुपारी एक घर सरकली.
मी पाहिलं.
मी काही बोललो नाही.
चार चालींनी तो हरला,
आणि पन्नास वर्षं मी
चहाच्या टपरीवर, लग्नात, गुरवाच्या ओसरीवर,
एकदा तर रेडिओवाल्यांनाही,
सांगत राहिलो.

हरूने मोहरी मांडायला घेतली.
न अडखळता, जशी काल उचलून ठेवली होती.
माझा राजा कोपऱ्यात. त्याचा उंट.
मधली अडलेली प्यादी.
सगळ्यात शेवटी सुपारी.
ती त्याने दोन घरांच्या मधल्या
रेघेवर ठेवली.
हाताचा आडोसा करून धरली, वारा होता म्हणून.

"चल," म्हणाला. "चाल तुझी."